कळसूबाईची वाट आणि पाठीवरचें ओझें

कळसूबाई हें महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर. उंची १६४६ मीटर. बारी गांवाहून निघालेली वाट कड्याशीं येते, तेथें लोखंडी शिड्या लागतात. पाठीवरची पिशवी, जिला तरुण मंडळी सॅक म्हणतात, तिची खरी परीक्षा येथेंच होते. सैल सॅक ऐन शिडीवर देहास मागें ओढते.

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपल्या घरांतील रीत येथें घातक होय. माप उंचीचें नव्हे, पाठीचें घ्यावें : मान वांकविली असतां तिच्या तळाशीं जो मणका वर येतो, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. कमरपट्टा त्या हाडांवर बसावा. भार मुख्यत्वें कमरेनें वाहावा, खांद्यांनीं तोल सांभाळावा. जड वस्तु पाठीलगत, मध्यभागीं ठेवाव्या. वाढत्या मुलांसाठीं पाठीची लांबी कमीजास्त करतां येणाऱ्या सॅक मिळतात, त्या घ्याव्या. मात्र दुकानांतच वजन भरून, पट्टे आवळून, चालून पाहावें.

सॅक नीट बसली म्हणजे तिचा विसर पडतो. मग माथ्यावर देवीच्या देवळापाशीं पोंचलेल्या मुलाचें लक्ष दुखऱ्या खांद्यांकडे न जातां भंडारदऱ्याच्या जलाशयाकडे जातें. चढण्याचें फल तें हेंच.