ईम गावचे चर्च

गतवर्षी ऑगस्ट महिन्यात इंग्लंडला जाण्याचा योग आला. शेफील्ड शहरी माझा भाचा नोकरीस असतो. लंडनची भव्य प्रार्थनामंदिरे दाखविण्याचा त्याचा बेत होता, पण मी म्हटले, "राजधानीचे वैभव चित्रांतून पुष्कळ पाहिले. एखादे खेडे दाखव." तेव्हा त्याने मला डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखातील ईम या गावी नेले.

आपल्याकडे गाव जवळ आल्याची खूण देवळाचे शिखर देते, तशी तेथे चर्चचा मनोरा देतो. ईमचे चर्च सेंट लॉरेन्सच्या नावाचे. आवारात, थडग्यांच्या गर्दीत, हजार वर्षांहून जुना कोरीव दगडी क्रूस उभा आहे. दक्षिणेकडील भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ आहे. याहून देखणी चर्चे इंग्लंडात पुष्कळ असतील. माझे पाय खिळले ते आत ठेवलेल्या, प्लेगने दगावलेल्यांच्या नावांच्या यादीपाशी.

१६६५ साली लंडनहून येथील शिंप्याच्या घरी कापडाचा गठ्ठा आला. तो दमट होता, म्हणून कारागिराने कापड विस्तवापुढे वाळत घातले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तो मेला आणि मरणाची रांग लागली. पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा भडकली, तेव्हा तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन याने गावकऱ्यांना गाव न सोडण्याची गळ घातली; रोग शेजारच्या गावांत जाऊ नये, एवढ्यासाठी. गावाचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. म्हणून त्याने पूर्वीचा पदच्युत धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यास सोबत घेतले. दोघांची मते परस्परविरुद्ध. तरी ते एकत्र उभे राहिले आणि गाव राहिले. चर्चला कुलूप लागले, प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागली. वेशीवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगार घालून त्यात नाणी ठेवीत, आणि बाहेरची माणसे अन्न ठेवून जात. हॅनकॉक नावाच्या एका स्त्रीने आठ दिवसांत पती आणि सहा मुले आपल्या हातांनी पुरली. मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन ऑगस्टमध्ये गेली. तिचे थडगे आवारातच आहे. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २६० माणसे मेली.

मला माझी आजी आठवली. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे आमच्या बेळगावकडेही पोहोचला. आजी तेव्हा आईच्या कडेवर होती. घरात उंदीर पडताच सारे गाव माळावर झोपड्या घालून राहिले. तिचे वडील मात्र घरातील धान्य आणावयास एकदा मागे गेले, आणि येताना ताप घेऊन आले. "धान्य नसते आणले, तर आम्ही उपाशी राहिलो असतो," एवढेच आजी म्हणे. पुढे बोलत नसे.

उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून दाखविले ते १८९८ साली. ईमकरांना हे कोठून ठाऊक असणार? घरे सोडून तेही गावाच्या हद्दीतच माळावर राहिले असते, तर शेजारही वाचला असता आणि त्यांच्यातीलही बरेच जगले असते, असे मला वाटते. पण हा शहाणपणा मला दोन शतकांनंतरच्या ज्ञानाने आलेला आहे. त्याचा मोठेपणा मी मिरवू नये.

"मामा, आपण त्या वेळी येथे असतो, तर राहिलो असतो का हो?" भाच्याने विचारले. त्याची लहान मुलगी बाहेर क्रूसाभोवती पळत होती. मी तिच्याकडे पाहिले आणि उत्तर दिले नाही. मॉम्पेसनने आपली मुले मात्र आधीच गावाबाहेर धाडली होती, हे त्याला सांगावेसे वाटले, सांगितले नाही.

परतताना भाच्याने आणखी एक हकीकत ऐकविली. १६६९ साली मॉम्पेसनची बदली ईक्रिंग या गावी झाली. साथ संपून तीन वर्षे लोटली होती. तरी तेथील लोक त्याला गावात घेईनात. म्हणून काही काळ तो जवळच्या उपवनात एका झोपडीत राहिला, असे सांगतात.