अट, दर आणि मोजमाप

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मुलींच्या एका शासकीय वसतिगृहाची निविदा तयार करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मसुद्यात एक वाक्य आधीपासून होतं : 'इमारत पर्यावरणपूरक असावी.' हेतू चांगला. पण या वाक्याचे पैसे कंत्राटदाराला मिळत नाहीत आणि शाखा अभियंत्याला ते मोजता येत नाही. बी-१ निविदेत शेड्यूल-बीच्या, म्हणजे कामाच्या बाबी, परिमाणं आणि दरांच्या यादीच्या, रकमेवर टक्केवारीनं वर किंवा खाली दर भरतात. शेड्यूलमध्ये जे नाही, ते दर भरणाऱ्याच्या हिशेबात नसतं.

ते वाक्य मी काढलं आणि छतापासून सुरुवात केली. चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो. परीक्षेच्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या मुली ज्या खोल्यांत अभ्यास करणार, त्यांच्या डोक्यावर तापलेला स्लॅब असतो. 'उष्णतारोधक थर द्यावा' एवढंच लिहिलं असतं, तर पांढरा रंग फासून बाब पूर्ण झाली असती. मी जाडी लिहिली, थराचं साहित्य लिहिलं, वरच्या फरशीचं सौर परावर्तन किमान ०.७० हवं असं लिहिलं. आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही, ही अट घातली. दरसूचीत अशी तयार बाब नव्हती. कोटेशनं मागवून रेट अ‍ॅनालिसिस करावं लागलं, तांत्रिक मान्यता लांबली. हा वेळ निविदेआधी द्यावाच लागतो. काम सुरू झाल्यावर तो कोणी देत नाही.

राखेच्या विटांवर फारसा वाद झाला नाही. राख देणारं औष्णिक वीजकेंद्र जवळच आहे.

खरा वाद झाला तो पात्रतेवर. हरित इमारतींचं 'गृहा' मानांकन मिळालेल्या इमारतीचा अनुभव कंत्राटदाराकडे हवाच, असा आग्रह होता. टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेनं विकसित केलेली ही पद्धत केंद्र सरकारनं २००७ मध्ये राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली, तरी जिल्ह्यात असं काम केलेले कंत्राटदार किती असणार? ती अट ठेवली असती तर उत्तम बांधकाम करणारी स्थानिक माणसं दारातच अडली असती. मी ती वगळायला लावली. मानांकनाच्या सल्लागाराचं शुल्क वेगळं धरलं आणि सुरक्षा ठेवीचा एक हिस्सा अंतिम मानांकनाला बांधला. प्री-बिड बैठकीत एक जुने कंत्राटदार म्हणाले, "साहेब, अट कितीही कडक घाला, पण सगळ्यांना सारखी घाला. नाहीतर आम्ही खरा दर भरायचा आणि काम नेणारा दुसराच." हे मला फार पटलं. साहित्याच्या वर्णनातल्या 'किंवा समतुल्य' या दोन शब्दांपुढे, समतुल्य कशानं ठरवायचं ते मी सीएसडीत, म्हणजे सगळ्या निविदाकारांसाठीच्या सामाईक बदलांच्या पत्रकात, बाबवार लिहून दिलं.

लेखा शाखेनं हरकत घेतली ती पंख्यांवर. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा महाग, साधा का नको? मी टिपणीत हिशेब मांडला : साधा पंखा सुमारे ७५ वॅट, हा सुमारे ३०. रोज दहा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात. वीजबिल वसतिगृहाच्या अनुदानातून जातं आणि बांधकामाचा खर्च दुसऱ्या लेखाशीर्षातून, म्हणून ही बचत आमच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. शेवटी गृहपालांकडून जुन्या इमारतीची वीजबिलं मागवून टिपणीला जोडली, तेव्हा कुठे पंखे मंजूर झाले.