पाठ केलेल्या ओव्या

सातवीत वक्तृत्व स्पर्धेसाठी बाईंनी माझ्याकडून मराठीच्या थोरवीच्या ओव्या पाठ करून घेतल्या. वहीत खाली एवढंच : फादर स्टीफन्स, ‘ख्रिस्तपुराण’. साता समुद्रापलीकडच्या इंग्रजानं आपली भाषा डोक्यावर घेतली, या कौतुकावरच मला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे शिक्षक झालो आणि दर मराठी दिनी त्याच ओव्या म्हणत राहिलो.

अख्खा ग्रंथ हाती आला तो चाळिशीत. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, १६१६ साली गोव्यात राशोलला रोमन लिपीत छापलेल्या. आरंभीच एक नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो : आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? ते ‘दुसरं काही’ म्हणजेच हा ग्रंथ. मी पुस्तक मिटलं. तीस वर्षं ज्याला नजराणा समजत होतो, ती भरपाई होती.

स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आला. साष्टीतली देवळं पाडण्याची पोर्तुगीजांची मोहीम त्याआधीच, १५६७च्या सुमारास झालेली. १५८३मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. मग पोर्तुगीजांनी बोलणी करायची म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या सोळा गावकऱ्यांतला एकच जिवंत निसटला.

एका फाल्गुनात कुंकळ्ळीला गेलो. तिथली देवी शांतादुर्गा त्या पाडापाडीच्या काळातच फातर्प्याला हलवलेली. पण वर्षातून एकदा तिची पालखी जुन्या गावी येते. पुढे बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, छत्र्या, वर गुलाल. शेजारी उभ्या म्हाताऱ्याच्या गळ्यात क्रूस होता आणि कपाळावर गुलाल. ‘आमचीच देवी,’ तो म्हणाला, तेही मी विचारलं नसताना.

स्टीफन्सचं भाषेवरचं प्रेम खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. वरवरच्या प्रेमातून अकरा हजार ओव्या होत नाहीत. पण ते प्रेम ज्या अंगणात फुललं, ते आधी कुणीतरी रिकामं करून घेतलं होतं. आणि ते रिकामं करणं स्टीफन्सला स्वतःला पुण्यकर्मच वाटत असणार.

यंदा वर्गातली एक मुलगी त्याच ओव्या मागायला आली. मी तिला आधी नवख्रिस्त्याचा तो प्रश्न वाचून दाखवला. जरा वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘सर, मग म्हणू की नको?’

‘म्हण की. फक्त सुरुवात त्या प्रश्नापासून कर.’