गटाराच्या पाण्यावरचा रोहू

मैत्रिणींनो, कोलकात्याला जाऊबाईंकडे गेले होते. जेवणात ताजा रोहू. मी दोनदा वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शहराच्या पूर्वेची ‘भेरी’ दाखवली, म्हणजे माशांची उथळ तळी. “कालचा मासा इथलाच. पाणी शहराच्या गटाराचं!” मला कसंसंच झालं.

नाल्याशी वास होता, तळ्याकाठी मात्र नाही. मोरी-संडासाच्या पाण्यात नत्र, स्फुरद भरपूर. (शाळेत शिकवते मी हे, पण पाहिलं कधी होतं?) तळ्यात ऊन मिळालं की त्या खतावर हिरवं शेवाळ वाढतं, पाण्यात प्राणवायू सोडतं आणि माशांच्या पोटात जातं. उरलेलं पाणी भातशेतीला. आपल्याकडे तेच खत नदीत जाऊन जलपर्णी माजते, बघताच ना!

सुमारे १२,५०० हेक्टरांची ही पाणथळ २००२ साली रामसरच्या जागतिक यादीत आली. तरी कडेची तळी बुजवून घरं उठताहेत. “आमचं सॉल्ट लेक तरी काय,” जाऊबाई हळूच म्हणाल्या, “पाणथळ भरूनच वसवलेलं.”

रात्री पुन्हा रोहूच. खाल्ला, पण नीट शिजलाय ना, हे विचारूनच!