सोंग घेऊन खाली उतरणं

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. हृषीकेश मुखर्जींचा 'चुपके चुपके' (१९७५) बघताना मला वाटतं, प्रेमाचंही आणता येत नाही. सोंगाच्या आत ते खरंच असावं लागतं.

वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक परिमल त्रिपाठी आपली बायको सुलेखा हिच्या जिजाजींची फिरकी घ्यायला ड्रायव्हर प्यारेमोहन होऊन त्यांच्या घरी येतो. आपल्याला आठवतो तो परिमल झालेला धर्मेंद्र आणि जिजाजी झालेले ओमप्रकाश यांचा शुद्ध हिंदीचा सामना. मला मात्र त्याआधीचा डाकबंगला जास्त मोलाचा वाटतो. म्हाताऱ्या चौकीदाराला घरी जाता यावं म्हणून परिमल त्याच्या जागी चौकीदार होऊन उभा राहतो. सुलेखाची ओळख होते ती तिथे. त्याचं पहिलं सोंग दुसऱ्याचं ओझं उचलण्यासाठी आहे; पुढच्या सगळ्या गमतीवर आपण विश्वास ठेवतो तो त्यामुळे.

असंच खाली उतरणारं सोंग एका जुन्या हिंदी नाटिकेतही आहे. काशीत ठठेरी बाजारातून चौखंब्याच्या गल्लीत शिरलं, की हिंदी लेखक भारतेंदु हरिश्चंद्रांचा वाडा लागतो. जेमतेम ३४ वर्षं जगलेल्या या माणसानं १८७६ साली 'चंद्रावली' ही नाटिका लिहिली. चंद्रावली कृष्णासाठी झुरते आहे आणि शेवटच्या अंकात कृष्ण तिच्याकडे येतो तो जोगीण होऊन. चंद्रावली गाते, गाता गाता तिचं भान हरपतं, आणि जोगिणीचा कृष्ण होतो. कृष्ण म्हणून आला असता तर ती आनंदानं गप्प झाली असती. तिचं दुःख तिच्याच तोंडून ऐकायचं, तर त्याला आपलं देवपण बाजूला ठेवून, बाईच्या वेशात तिच्यासमोर बसावं लागलं.

मराठी माणसाला इथे 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आठवणारच. त्याचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्याच 'बीवी और मकान'मध्ये (१९६६) आहे. घर मिळावं म्हणून परशा पार्वती होतो, सुधीर सुधा होतो. पार्वतीचं डोहाळजेवण चालू असतं, आपण पोट धरून हसत असतो आणि मध्येच घरमालकीण लीलाबाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक दिसतं. त्या कौतुकात खोट नाही. फसवणूक कुणाच्या तरी मायेवर उभी आहे, हे कळून हसताना घशाशी काहीतरी अडकतं.

नायिकेला गटवण्यासाठी श्रीमंताचं सोंग घेणारे नायक आपण ढिगानं पाहिले आहेत. ते सोंग माणसाला वर चढवतं. प्राध्यापकाचा ड्रायव्हर होतो, देवाची जोगीण होते, तेव्हा माणूस खाली उतरतो; आणि खाली उतरलेल्याला ऐकू येतं. ड्रायव्हरशी लोक कसं बोलतात, एकटी बाई कशासाठी रडते, हे मानाच्या खुर्चीवर बसून कळत नाही. वेश उतरवल्यावरही हे ऐकलेलं ज्याच्याजवळ राहतं, त्याच्या सोंगाला प्रेम म्हणायला माझी हरकत नाही.