तब्येत झाली!

दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याच्या बसस्टँडवर उतरलो आणि आमच्या गल्लीतले काका समोरच भेटले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाठीत एक सणसणीत थाप मारली आणि म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! तब्येत झाली हं तुझी! जळगावचं पाणी मानवलं!" मी हसलो. आपल्याकडे तब्येत 'होणं' हे मोठं कौतुकाचं असतं. आता काकांना काय माहीत, की ही तब्येत जळगावच्या पाण्याने नाही, तर रोज रात्री साडेनऊला घ्यायच्या एका छोट्याशा गोळीने केली होती!

मित्रमैत्रिणींनो, दर वर्षी या पानांवर मेसची आमटी आणि व्हायवाची भीती यांवर लेख येतात. मीही तोच लिहायला बसलो होतो. दोन पानं लिहिली आणि फाडली. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका सांभाळून घ्या.

सेकंड इयरला असताना माझं काहीतरी बिनसलं. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. एम-थ्रीला केटी लागली होती खरी, पण ती अर्ध्या होस्टेलला लागते, त्याने कोणी आजारी पडत नाही. मला मात्र पहाटे तीनला जाग यायची आणि मग नुसतं छताकडे बघत पडायचं. जेवण घशाखाली उतरेना. मेसच्या मावशी म्हणायच्या, "दादा, ताट तसंच ठेवलं का रे?" जुलैमध्ये माझं वजन 61 किलो होतं, ते डिसेंबरात 52 वर आलं. घरी गेलो तर आजी गालावरून हात फिरवून म्हणाली, "कितला वाळी गया रे तू!" आणि रडायलाच लागली. तिच्या रडण्यामुळे पप्पा हलले. नाहीतर आमच्याकडे 'मनाचा डॉक्टर' हा शब्द कोणी उच्चारला नसता. नातेवाईकांना पोटाच्या डॉक्टरकडे जातो असं सांगितलं, आणि गेलो.

डॉक्टरांनी मिर्टाझापिन नावाची गोळी दिली. म्हणाले, "झोप येईल, भूक लागेल. तुला सध्या दोन्ही हवंय." बरोबरच होतं ते. पहिल्याच आठवड्यात मी सात तास झोपलो. महिन्याभरात मेसमध्ये दुसऱ्यांदा भाजी मागितली, तर मावशींनी न बोलता दोन पोळ्या जास्त वाढल्या. मार्चमध्ये एके दिवशी मेहरूण तलावाच्या काठी बसलो असताना लक्षात आलं की आपण मघापासून मित्राच्या फालतू जोकवर हसतोय. म्हणजे गोळीने काम केलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कोणी गोळ्यांना शिव्या घालू नयेत.

पण भूक थांबेना. ही भूक कशी असते ते ज्याने अनुभवली नाही त्याला कळायचं नाही. पोट टम्म भरलेलं असतं, आणि तरी रात्री अकराला हात शेवेच्या पुडीकडे जातो. माझा रूम पार्टनर रावेरकडचा, घरची केळीची बाग. तो गावाहून डझनावारी केळी आणायचा. पूर्वी ती काळी पडून फेकावी लागायची, आता तो दिवसा आणायचा आणि मी रात्री संपवायचो. भरिताच्या पार्टीत मी किती पुऱ्या खाल्ल्या ते मोजायला दोन जण बसले होते! सगळे टाळ्या वाजवत होते. मीही हसत होतो, पण आतून घाबरलो होतो.

पुढे मी वाचून काढलं. ही गोळी मेंदूतली हिस्टामिनची एक जागा अडवते. जुन्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी झापड येते ना, तेच कारण. शिवाय 'पोट भरलं, आता बस' हा निरोप पोचवणारी सेरोटोनिनची एक जागाही ती अडवते. आपल्या भाषेत सांगायचं तर गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक अडकला. पाणी वरपर्यंत आलं तरी नळ बंद होत नाही. योगायोग बघा, पोरांनी माझं नाव तोवर 'टाकी' ठेवलेलंच होतं. आधी 'काडी' होतो.

जूनमध्ये मी परत 61 वर होतो, ऑक्टोबरात 71! यातले पहिले नऊ किलो माझेच होते, आजाराने नेलेले परत आले. पुढचे दहा मात्र गोळीचे, हा माझा हिशेब. पण काट्यावर तसे दोन रकाने नसतात. वर्कशॉपची खाकी पँट बसेना, तेव्हा फुले मार्केटजवळच्या टेलरकडून शिवण उसवून घेतली. त्याने दोन इंच सोडले आणि म्हणाला, "अजून एक इंच आहे भाऊ, पुढच्या वर्षी या." हे ऐकून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

मुलगा असून वजनाचं काय घेऊन बसलास, असं कोणी म्हणेल. मीही स्वतःला तेच म्हणायचो, म्हणून तर डॉक्टरांना एकदाही विचारलं नाही. मरायला टेकलेला माणूस वाचला आणि वर पँट बसत नाही अशी तक्रार करायची, लाज वाटायची हो. दिवाळीत काकांनी थाप मारली त्याच रात्री मी ठरवलं, बास. जळगावला परत आलो आणि उरलेली स्ट्रिप कचऱ्याच्या डब्यात टाकली. कोणालाच सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांत डोकं गरगरायला लागलं, मळमळायचं, झोप उडाली. मला वाटलं, गोळीचं विष निघून जातंय! (हे माझं स्वतःचं वैद्यकशास्त्र.) मग जरा बरं वाटलं. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पहाटेचे तीन, पुन्हा ते छत. वजन मात्र उतरत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा आनंदही होत होता. आनंद असा तेवढाच उरला होता. डिसेंबरात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहायची मला भीती वाटायला लागली. खाली पडेन अशी भीती नव्हती ती. रूम पार्टनरला एवढंच म्हटलं, "मला आज एकटं सोडू नकोस." तो काही बोलला नाही. स्वतःची गादी ओढून दाराला आडवी टाकली, 14416 ला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सरकारची ही फुकट हेल्पलाइन 2022 पासून चोवीस तास चालू आहे. तिकडच्या बाईंशी मी वीस मिनिटं मराठीत बोललो. दुसऱ्या दिवशी तो मला एस.टी.ने धुळ्याला घेऊन गेला. पारोळ्याला गाडी थांबली, तो मुद्दाम चहा प्यायला उतरला नाही.

या वेळी डॉक्टरांच्या खोलीत मम्मीही आत आली. मी सगळं ओकून टाकलं, टाकी, पँट, कचऱ्याचा डबा. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "आधी बोलला असतास तर गोळी बदलली असती. सोडायचीच तर हळूहळू उतरवायची असते." आता सर्ट्रालिन चालू आहे. दर महिन्याला ते आधी वजन करतात आणि मग बोलतात.

त्यानंतर लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर मी बरंच वाचलं. इंग्लिश मीडियमचा हा एक उपयोग. 2024 मध्ये अमेरिकेतल्या 1,83,118 लोकांच्या नोंदी तपासून आठ औषधांची तुलना केली होती. सहा महिन्यांनी एसिटालोप्रामवाल्यांचं वजन सर्ट्रालिनवाल्यांपेक्षा सरासरी 0.41 किलोने जास्त वाढलं, तर ब्युप्रोपिऑनवाल्यांचं 0.22 किलोने कमी. एवढंसंच? मला तर हसू आलं. पण पांझरेच्या वर्षभराच्या सरासरी पाण्यावर कोणी पुलाची उंची ठरवत नाही! 2025 मध्ये 'लॅन्सेट'ने 30 औषधांचे 151 अभ्यास एकत्र मांडले. त्यात औषधा-औषधांत साधारण चार किलोपर्यंत फरक निघाला, तोही काही आठवड्यांतला. म्हणजे सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, आणि विचारायला जागा असते.

सगळ्यात गंमत मला जुन्या गोष्टीची वाटली. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवीन औषध दिलं. रुग्ण खायला लागले, अंगाने भरले, आणि चक्क वॉर्डात नाचायला लागले! तिथूनच हे औषध उदासीवर चालेल का याचा विचार सुरू झाला. म्हणजे या औषधांच्या मुळाशीच वाढलेली भूक आहे. क्षयाच्या काळात वजन वाढलं म्हणजे माणूस वाचला. काकांच्या 'तब्येत झाली'मध्येही तेच असणार. आजीला हे सांगितलं, तर म्हणाली, मग मी काय वेगळं म्हणत होते?

होळीला घरी गेलो तेव्हा वजन 66 होतं. रात्री झोप येते, एम-थ्री सुटला, खाकी पँट ढगळ होते म्हणून पट्टा लावतो. पोरं 'टाकी'च म्हणतात, ते काही सुटायचं नाही. बसस्टँडवर काका पुन्हा भेटले. या वेळी थाप मारली नाही. काळजीने दंड चाचपून म्हणाले, "काय रे, उतरली तब्येत? मेसचं जेवण बरोबर नाही का?"

"नाही काका," मी म्हटलं, "गोळी बदलली." आणि मग तिथेच, रसवंतीच्या बाकावर बसून, त्यांना कुठली गोळी ते सांगितलं. त्यांनी दोन ग्लास रस मागवला, बिनबर्फाचा.