रात्री दोनला उठणारं बाळ

‘डॉक्टर, बाळ रात्री झोपतच नाही हो. काहीतरी लिहून द्या ना.’ हे ऐकते तेव्हा बाळ बहुधा माझ्या टेबलावर पाय झाडत मजेत हसत असतं आणि त्याच्या आईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं असतात. सोबत आलेल्या आजी हळूच म्हणतात, ‘हिचं दूधच पुरत नसेल.’

आधी औषधाचं बोलू. झोपेसाठी मी काही लिहून देत नाही. तुम्हीही घरातल्या सर्दीच्या बाटलीतलं ‘अर्धाच चमचा’ देऊ नका. त्यातल्या काही औषधांनी गुंगी येते, पण लहान बाळाचा श्वासही मंदावू शकतो. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापा, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढला, तो उगीच नाही. गुटीतल्या जायफळाचंही तेच. आजी, तुम्ही प्रेमाने उगाळता हे मला कळतं. पण सहाणेवर चार वेढे जास्त पडले तर किती पोटात गेलं हे कोण मोजणार? जायफळ जास्त झालं तर ते विषारी ठरतं. शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको. डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब तेवढे चालू ठेवा.

आता दुधाचं. बाळ दिवसातून सहा-सात वेळा भरपूर शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. आईला दोष देणं थांबवा. रात्री बाटलीत पावडर घट्ट कालवून दिली की बाळ सलग झोपतं, हाही गैरसमज आहे.

मग बाळ उठतं का? कारण सगळेच उठतात. तुम्हीसुद्धा रात्रीतून चार-पाचदा अर्धवट जागे होता, कूस बदलता, पांघरूण ओढता आणि सकाळी विसरून जाता. बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण ५० मिनिटांचं असतं, म्हणून ते जास्त वेळा वर येतं. वर आल्यावर ते शोधतं काय, तर झोप लागताना जे होतं तेच. झोळीत झोपलेलं हलती झोळी शोधतं, पिता पिता झोपलेलं आईला शोधतं. म्हणून रात्री दोनच्या रडण्यावरचा उपाय बरेचदा आदल्या संध्याकाळी असतो.

पहिले तीन-चार महिने यातलं काही करायला जाऊ नका. पोट छोटं असतं, रात्री पाजावंच लागतं आणि दिवस-रात्र कळायलाच दोन-तीन महिने जातात. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या झोपा धरून १२ ते १६ तास झोप लागते. या वयात रोज ठरावीक वेळी दिवे मंद करा, अंग पुसा, दूध पाजा, मग अंगाई म्हणा. क्रम रोज तोच ठेवा. डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी त्याला खाली ठेवून थोपटा. रात्री कुरकुरलं तर लगेच उचलू नका, मिनिटभर थांबा. पुष्कळदा ते झोपेतच असतं. रडलं तर जरूर जा, पण दिवा नको, मोबाइल नको, गप्पा नकोत. दार लावून रडू देण्याची पद्धत मला आपल्या घरांत पटत नाही. एका खोलीत पाच माणसं झोपतात, तिथे दार लावणार कुठलं? सवय बदलायला एक-दोन आठवडे लागतात. मध्ये ताप आला की पुन्हा पहिल्यापासून!

दीड-दोन वर्षांच्या मुलांची गोष्ट वेगळी. झोप आलेलं मोठं माणूस पेंगतं, मूल धिंगाणा घालतं. रात्री नऊला बाबा घरी येतात, हवेत उडवून खेळवतात आणि दहाला तेच मूल जमिनीवर लोळण घेऊन किंचाळतं. तो हट्टीपणा नव्हे, थकवा आहे. अशा वेळी समजावू नका, मोबाइल तर नकोच. लागणार नाही एवढं पाहा, जवळ बसा, ओसरू द्या. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी झोपवून बघा.

बाळ शेजारी झोपत असेल तर उताणंच झोपवा. त्याच्याजवळ उशी नको, राईचीही नको आणि तोंडावर येईल अशी गोधडी नको. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपणं फार धोक्याचं. घरात कोणी सिगारेट किंवा दारू पीत असेल, तर बाळाची झोपायची जागा वेगळी करा. रोज तोंड उघडं टाकून घोरणारं, झोपेत श्वास थांबणारं किंवा फिकट दिसणारं आणि रात्रभर पाय झाडणारं मूल मात्र मला दाखवाच.

आणि आई, तुमच्यासाठी. तिसऱ्या रात्री रडणं ऐकून डोकं फिरतं, हे मी अनेकींकडून ऐकलंय. तशा क्षणी बाळाला गादीवर उताणं ठेवा आणि दहा मिनिटं गॅलरीत जाऊन उभ्या राहा. तेवढ्या रडण्याने त्याला काही होत नाही. पण रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दोन आठवडे सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, तर पुढच्या लसीची वाट न बघता या. येताना बाळाच्या बाबांना आणा. पाजायचं काम तुमचं असलं, तरी त्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं आणि थोपटून झोपवणं त्यांना जमतं. रात्री दोनची पाळी कोणाची, ते माझ्यासमोरच ठरवू.